डाव्या हाताचं सूत

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. मागं उभं राहून गोष्ट ऐकणाऱ्याच्या पदरात निम्मीच पडते, बाकीची वाऱ्यावर जाते. बुवा यायला अजून अवकाश आहे, मृदंगाला कणीक लागायची आहे. तेवढ्यात एक आख्यान सांगून होईल. ह्यात राजा नाही, राणी नाही, शेवटाला विमान येऊन कुणाला घेऊन जात नाही. निमोण्याचा एक घोंगडी विणणारा आहे, मल्हारी त्याचं नाव, आणि त्याची डावरी बायको म्हाळसा आहे. गोष्ट गोड लागणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण पाडव्याला कडुनिंब चावून खातोच की आपण, देवाचं नाव घेऊन.

मल्हारीच्या भाऊकीत सगळ्यांनी मेंढरं राखली. मल्हारीच्या घराकडं मात्र माग होता. घराच्या पडवीत जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पुढ्यातल्या काळ्या सुतातून धोटा इकडून तिकडं फेकायचा. विणून झालेली घोंगडी अंगणात ताणून चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे तिला ताठरपणा यायचा आणि पावसाचं पाणी वरच्या वर निथळायचं. लोकर कातायची ती बायकांनी. चातीला, म्हणजे लाकडी टकळीला, मांडीवर पीळ द्यायचा आणि सूत ओढत जायचं. गल्लीतल्या पाच-सहा जणी मल्हारीच्या आईला, धुरपदाबाईला, सूत कातून द्यायच्या.

म्हाळसा लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिनं चाती डाव्या हातात घेतली.

"हे काय गं?" धुरपदाबाई म्हणाली. "जेवती बी ह्याच हातानं का काय?"

"जेवायला उजवा," म्हाळसा म्हणाली. "कामाला डावा."

गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. चाती डाव्या हातानं फिरली की सुताला पीळ उलटा बसतो. सरळ पिळाचं सूत आणि उलट्या पिळाचं सूत एका मागावर गुण्यागोविंदानं नांदत नाही. घोंगडीला एका अंगाला ओढ बसते, कड गुंडाळते, आणि बाजारात गिऱ्हाईक कड बघूनच पुढं जातं. त्या साली अशा दोन-तीन घोंगड्या निघाल्या. मग धुरपदाबाईनं काय करावं, तर एक दिवस सुनेचा डावा हात जुनेराच्या पट्टीनं कमरेला बांधला आणि उजव्या हातात चाती दिली.

म्हाळसा कातत बसली. सूत कुठं दोरखंडाएवढं जाड, कुठं केसाएवढं बारीक. दर वितीला तुटत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण खालचा ओठ दातांत धरून धरून पांढरा पडला होता.

मल्हारी मागाच्या खड्ड्यातून वर आला. मितभाषी माणूस, दिवसभरात बोललेले शब्द ओंजळीत मावावेत असा. त्यानं पट्टीची गाठ सोडली. पट्टी घडी करून आईच्या हातात दिली आणि परत खड्ड्यात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गल्लीतल्या बायकांना सांगून टाकलं, "उद्यापास्नं सूत आणू नगा."

"आन् मागावर काय लावणार, चऱ्हाट?" धुरपदाबाई म्हणाली.

"हिचं."

"एकटीच्या सुतावर माग चालतो व्हय रे?"

"हळू चालंल."

आणि खरंच हळू चालला. पाचजणींच्या सुतावर जिथं महिन्याकाठी चार निघायच्या, तिथं एखाद-दुसरी निघायला लागली. शिरूरच्या बाजारात हौसराव नावाचा जुना व्यापारी होता, तो भर बाजारात म्हणायचा, "आला बघा बायकोच्या एका हातावर दुकान चालवणारा." मल्हारी गालात हसायचा आणि घोंगडीची घडी उलगडून दाखवायचा. सगळंच सूत उलट्या पिळाचं, त्यामुळं कड सरळ, ओढ नाही, तिरपेपणा नाही. अंगठा आणि बोट यांत सूत धरलं की ते भलत्याच बाजूला वळायचं, एवढीच काय ती खूण. बाजारात शंभर घोंगड्यांच्या ढिगात मल्हारीची घोंगडी आंधळ्यानंही ओळखावी.

असा त्यांचा संसार झाला. शंभू झाला, पूनम झाली. पूनमला कासुर्डीला दिली. मल्हारीचं व्यसन म्हणाल तर एकच, कीर्तन. पंचक्रोशीत कुठंही सप्ता असो, हा सगळ्यात मागच्या रांगेत, दाढीला लोकरीचे तंतू चिकटलेले. बुवा एकदा निरूपणात म्हणाले की हे देहाचं वस्त्र वरचा तो विणतो. तर हा शेजारच्याला हळूच म्हणाला, "त्याला चिंचोके कोण फोडून देतंय, इचारा की बुवांना." शेजारचा हसला तो गजर होईस्तवर हसतच राहिला.

नव्वदच्या आसपास तालुक्यात कंपन्या आल्या. कालव्याला पाणी आलं. रानं बागायत झाली, मेंढरांना चरायला पड जमीन उरली नाही. ज्यांच्या दारात मेंढरांची खांडं होती त्यांनी कांदे लावले, ऊस लावला, आणि मेंढरं विकून मोटारसायकली घेतल्या. बाजारात पानिपतच्या यंत्रावरच्या घोंगड्या आल्या. चिंध्यांचा चुरा करून केलेल्या, पण दिसायला काळ्याभोर. हौसरावानं त्याच ठेवायला सुरुवात केली. मल्हारीचा माग आठवड्यातून दोन दिवस चालायला लागला, मग एक दिवस, मग सणावाराला. आणि आयुष्यभर नाकातोंडात गेलेल्या लोकरीनं छातीत घर केलं. चार पावलं चालला की भात्यासारखा वाजायचा.

शंभू कंपनीत लागला आणि पुढं तिथंच माणसं पुरवायला लागला. बिहारची, ओरिसाची पोरं गाडीत घालून आणायची आणि पाळीवर सोडायची. पोरगा वाईट नव्हता. आईबापाला दोन वेळा पोटाला घालत होता, औषधाच्या बाटल्या आणत होता. पण मोठा माणूस दिसला की त्याचं डोकं आपोआप खाली व्हायचं, आणि लहान माणूस दिसला की आपोआप वर.

दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची गोष्ट. दगडोबा नावाच्या म्हाताऱ्याकडं गावातलं शेवटचं खांड उरलं होतं. तेही विकायला निघालं तेव्हा त्यानं कोकरांची पहिल्या कातरणीची लोकर मल्हारीला आणून दिली. पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटू नये, इतकी मऊ. "तूच कर हिचं सोनं," दगडोबा म्हणाला.

म्हाळसानं ती सबंध हिवाळाभर कातली. मल्हारी दोन धोटे फेकायचा आणि दम खायचा. घोंगडी उतरली तेव्हा त्यानं ती गालाला लावली आणि बायकोला म्हणाला, "ही इकायची न्हाई."

"मग?"

"मला खाली घ्याल तवा हिच्यावर घ्या."

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणसाचा शेवट जवळ आला की त्याला खाटेवरून उतरवून भुईवर घेतात, खाली घोंगडी अंथरून. एकदा खाली घेतलं की घेतलं. मग त्याला उचलायचं ते तिरडीवरच.

"काय अभद्र बोलताव," म्हाळसा म्हणाली.

"अभद्र कसलं? साऱ्या तालुक्याला खाली घेतलं माझ्या घोंगडीवर. मला काय पानिपतच्या चिंधीवर टाकताव?" मग थोडं थांबून म्हणाला, "तुज्या सुतावर घ्या. दुसरं काय मागत न्हाई."

म्हाळसानं ती कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवली.

पुढच्या वर्षी दौंडला समाजाचा मेळावा ठरला. मोठे साहेब येणार होते. साहेबांच्या शब्दावर कंपनीतलं आणखी एक मोठं काम शंभूला मिळण्यासारखं होतं. मेळाव्यात पाहुण्याच्या खांद्यावर घोंगडी घालायची, हातात काठी द्यायची, डोक्याला पिवळा फेटा बांधायचा. ही पद्धत. शंभूवर घोंगडीची जबाबदारी आली. त्यानं हौसरावाच्या दुकानातून आणली, तर साहेबांच्या माणसानं ती चिमटीत धरून बघितली आणि म्हणाला, "ही चिंध्यांची. साहेब असली घालत नाहीत. अस्सल पाहिजे."

शंभू घरी येऊन पेटीपाशी उभा राहिला.

"आये, एका दिवसाचं काम हाय. फोटो झाला की माघारी आणतो."

"ती तुज्या आबाची हाय," म्हाळसा म्हणाली. "कशासाठी ठेवलीय ते ठावं हाय ना तुला?"

"व्हय गं. पर आबा काय आज चाललेत का उद्या? माझं सगळं त्या कामावर हाय."

खाटेवरून मल्हारी म्हणाला, "ने."

म्हाळसानं वळून नवऱ्याकडं बघितलं. तिला वाटलं होतं तो गप्प बसेल. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एक चमक आली होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी म्हणालं होतं की अस्सलच पाहिजे. हाडाच्या कारागिराला एवढंसं वाक्य पुरतं. तेवढ्यावर तो कातडं काढून देईल. चूक झाली म्हणाल तर तीच झाली, आणि ती त्याची त्यानं केली.

मल्हारीलाही मेळाव्याला नेलं. दोघांनी धरून व्यासपीठावर चढवलं. लाऊडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "आता समाजाच्या वतीनं साहेबांचा सत्कार." नाव काही घेतलं नाही. मल्हारीनं घोंगडी साहेबांच्या खांद्यावर घातली, कड सारखी केली. फोटो निघाले. मल्हारी अजून कडेवरून हात फिरवतच होता, तेवढ्यात साहेब हसत मागच्या माणसाला म्हणाले, "घे रे ही, उकडतंय." घोंगडी मागच्या मागं गेली. मल्हारीला धरून खाली उतरवलं.

शंभूला काम मिळालं. घोंगडी काही माघारी आली नाही.

म्हाळसानं चारदा विचारलं, आठदा विचारलं. पहिल्यांदा शंभू म्हणाला, आणतो. मग म्हणाला, साहेब मुंबईला आहेत. मग एक दिवस म्हणाला, "आये, साहेबाला घातलेली घोंगडी माघारी मागायची? दिसतं तरी का ते? तशी दुसरी आणून देतो की."

"तशी कुठनं आणशील?" म्हाळसा म्हणाली. "खांड गेलं, माग बंद पडला."

मल्हारी खाटेवरून म्हणाला, "जाऊ दे. आपून घातलेली आपून उतरवत न्हाईत."

बोलायला तो तसं बोलला. पण थंडी पडली आणि त्यानं अंथरूण धरलं, तेव्हा म्हाळसाला दिसायला लागलं की झोपेतही त्याचा अंगठा बोटावर घासतोय. गोधडीची कड चिमटीत धरायची, चोळायची, सोडून द्यायची. परत धरायची, परत सोडायची. शंभूनं आणलेल्या शालीचं तसंच, चादरीचं तसंच. हाताला जे पाहिजे होतं ते सापडत नव्हतं.

एका सकाळी तिनं सून धनश्रीला सांगितलं, "ह्यांच्याजवळ बस. मी दौंडला जाऊन येते."

"आत्याबाई, त्यांची तब्येत बघताय ना? आन् हे मला काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मला म्हणू दे."

न्हावऱ्याला गाडी बदलून तिनं दौंड गाठलं. साहेबांचा बंगला विचारत विचारत गेली. साहेब नव्हते. फाटकात मुजीब नावाचा त्यांचा ड्रायव्हर गाडी पुसत होता. म्हाळसानं त्याला सगळं सांगितलं, सरळ, रडगाणं न लावता. तो ऐकून घेऊन म्हणाला, "चला मावशी. पर कसं शोधणार तुम्ही? तिथं ढीग हाय."

गाड्यांच्या शेडमागं एक खोली होती. दार उघडलं तर कुबट वास आला. जमिनीपासून खांद्यापर्यंत घोंगड्या. गावोगावच्या सत्काराच्या. कोपऱ्यात काठ्यांची मोळी आणि फेट्यांचं बोचकं. म्हाळसा खाली बसली. तिनं डोळे मिटले आणि एकेका घोंगडीचं सूत डाव्या हाताच्या चिमटीत धरून चोळायला लागली. सरळ. सरळ. यंत्राची. सरळ. यंत्राची. मुजीब दारात उभा राहून बघत होता. अख्खा ढीग इकडचा तिकडं झाला.

"ह्यात न्हाई," ती म्हणाली.

मुजीबनं मान खाली घातली. "मावशी, लई मऊ होती का?"

"जावळाची होती."

"मग इकडं या."

बंगल्याच्या मागं लोखंडी पिंजरा होता. साहेबांची परदेशी कुत्री दिवाळीच्या पुढं व्याली होती, थंडी होती, आणि कुणीतरी म्हणालं होतं की पिल्लांना टोचणार नाही असं काहीतरी घाला. ढिगातली सगळ्यात मऊ तेवढी काढली होती. पिल्लं मोठी होऊन कुणाकुणाच्या घरी गेली होती. घोंगडी तिथंच होती. एक बाजू चावून चावून झिरमिळ्या झालेली, मध्ये भोकं, केसांनी आणि घाणीनं थर धरलेला.

म्हाळसानं उरलेली कड चिमटीत धरली. सूत उलटं वळलं.

"दुसरी घ्या मावशी," मुजीब हलक्या आवाजात म्हणाला. "कोरी घ्या. दोन घ्या. कुनी विचारणार नाही."

"मला कोरी नको," ती म्हणाली.

तो आत जाऊन बादली घेऊन आला आणि नळाखाली स्वतः घोंगडी चोळायला लागला. जेवढं निघालं तेवढं निघालं. पिळून त्यानं ती पोत्यात भरून दिली आणि गाडीपर्यंत पोचवायला आला. 

म्हाळसा निमोण्यात उतरली तेव्हा दारात चपला दिसल्या. आत माणसं. पूनम कासुर्डीवरून आलेली, तिचा रडण्याचा आवाज. मल्हारी भुईवर होता. खाली यंत्रावरची नवी कोरी काळी घोंगडी, हौसरावाच्या दुकानची; घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. श्वास चालू होता, लांब लांब.

"कुठं गेलतीस?" शंभू म्हणाला. "दुपारीच खाली घेतलं. किती शोधायचं तुला?"

म्हाळसानं पोतं सोडलं. "उचला त्येंना. ही घाला खाली."

सगळ्यांनी त्या ओल्या चिंधीकडं बघितलं.

"खाली घेतलेल्याला उचलत न्हाईत, वैनी," भाऊकीतला एक म्हातारा म्हणाला. "तुमाला काय सांगावं."

"आन् ही कुत्र्याच्या तोंडची दिसतीय," दुसरा म्हणाला. "शेवटाला विटाळ कशाला?"

 शंभूनं घोंगडी ओळखली होती. तो एकदम उठून बाहेर गेला आणि मोबाइल कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. पलीकडून कुणी बोलत होतं का, ते त्याचं त्याला माहीत.

म्हाळसा नवऱ्याजवळ टेकली. तिनं घोंगडीची शाबूत कड त्याच्या उजव्या हातात दिली. अंगठा हलला. एकदा बोटावर घासला, आणि थांबला. ओळख पटून थांबला की नुसताच थांबला, हे तिला कधीच कळलं नाही. शेजारच्या बायका नंतर सांगायच्या, ओळखलं हो त्यांनी, तोंडावर समाधान होतं. म्हाळसा त्यावर होयही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. समाधान होतं की प्राण गेला होता, हे सांगायला ती काही साधुसंत नव्हती.

दशक्रियेला घोड नदीच्या काठी मांडव घातला. शंभूचं आता नाव झालेलं, त्यामुळं गर्दी चांगली. प्रवचनाला बुवा बोलावले होते. म्हाळसानं घरून आणलेली ती घोंगडी माइकपुढं अंथरली. धुऊन वाळवलेली, कुरतडलेली. बुवांसाठी. शंभू पुढं झाला, "आये, काढ ती, सतरंजी हाय की." ती जागची हलली नाही. बुवा जुने होते, त्यांनी विचारलं, "मल्हारीच्या हातची का?" ती हो म्हणाली. बुवांनी वाकून घोंगडीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि तिच्यावर न बसता तिच्या कडेला भुईवर बसून प्रवचन केलं.

प्रवचन संपता संपता गाड्या आल्या. धुरळा उडाला. साहेब आले. माणसं उठून उभी राहिली, माइक त्यांच्याकडं गेला. साहेब पायांतल्या बुटांसकट येऊन घोंगडीच्या मधोमध उभे राहिले.

"मल्हारीआबा हा थोर कारागीर होता," साहेब म्हणाले. कागद बघून नाव घेतलं. "त्यांच्या हातची घोंगडी त्यांनी स्वतः माझ्या खांद्यावर घातली होती. ती आजही माझ्या घरात मी जिवापाड जपून ठेवली आहे. थंडीत तिची ऊब घेतो तेव्हा आबांची आठवण येते."

लोकांनी माना हलवल्या. शंभू हात जोडून उभा होता, नजर नदीच्या पलीकडं. गर्दीच्या मागं गाडीला टेकून उभा असलेला मुजीब तेवढा साहेबांच्या पायांखाली बघत होता. मग त्यानं म्हाळसाकडं बघितलं आणि डोळे खाली केले.

म्हाळसा बोलली नाही. तुम्हाला वाटेल, बोलायला हवं होतं. बोलून काय झालं असतं? शंभूचं काम गेलं असतं आणि म्हाताऱ्याचं तेवढंच हसं झालं असतं. साहेब गेल्यावर ती उठली. बुटांची माती झटकली, घोंगडीची घडी केली आणि डाव्या काखेत मारून घराकडं चालायला लागली.

माग पुढं सरपणाला गेला. खड्डा शंभूनं बुजवला, वर फरशी घातली, आता तिथं मोटारसायकल लागते. शिरूरच्या बाजारात मल्हारीचं नाव सांगाल तर कुणाला ठाऊक नाही.

बघा, मृदंगाला कणीक लागली, बुवा उठले. आता गजर सुरू होईल, तेवढं एक मागणं आहे. तुमच्या घरात माळ्यावर, पेटीच्या तळाशी, म्हाताऱ्याच्या खाटेखाली एखादी जुनी काळी घोंगडी असेल. आज घरी गेल्यावर तिची कड चिमटीत धरून सूत जरा चोळून बघा. सरळ वळलं तर ठेवून द्या. उलटं वळलं तर घटकाभर तिच्यापाशी बसा आणि त्या माणसाची आठवण काढा, ज्यानं मागाच्या खड्ड्यातून वर येऊन बायकोचा बांधलेला हात सोडला होता.